खंडेनवमीचा लॅपटॉप

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोरानं लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि तो फिस्सकन हसला. वर शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "ये, हे बघ. आत हळदीकुंकू झालंय."

शेजारचाही हसला. मग रांगेतले दोघं-तिघं माना उंच करून बघायला लागले. पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर लालसर थर बसला होता, कोपऱ्यात अक्षतेचा तुकडाही अडकला होता. पोरगा माझ्या यजमानांना म्हणाला, "काका, लॅपटॉप आहे हा. देव्हाऱ्यात ठेवायचा नसतो."

 ह्यांनी नुसती मान खाली घातली. मी मात्र त्या पोराचं तोंड नीट बघून घेतलं, कारण असल्या हसण्याचा हिशेब मी सोडत नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या की अरुंधतीच्या नाकावर राग बसलेलाच असतो. असतो. चाकणला कंपनीत जन्म काढलेल्या बाईच्या नाकावर दुसरं काय बसणार?

"वॉरंटी बसत नाही मॅडम," पोरगा म्हणाला. "पंख्यात बाहेरचा पदार्थ गेलाय. ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात याला."

"लॅपटॉप तापून बंद पडतो, त्याचं काय?"

"कुंकवामुळेच तापतो ना."

तापतो म्हणे कुंकवामुळे! मला तिथंच भांडायचं होतं, पण ह्यांनी माझी पर्स ओढली आणि हळूच म्हणाले, "चल घरी. माझंच चुकलं."

आता हे कुंकू आत कसं गेलं ते सांगते. माझे यजमान गुरुदत्त यांनी भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये उभी हयात लेथवर लोखंड कातण्यात काढली. आमच्या ह्या पट्ट्यात खंडेनवमीला मशीनची पूजा होते. कुठल्याही शेडमध्ये जा, आदल्या दिवशी सगळं तेलकट धुऊन पुसून लख्ख, मग कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ, पेढे. त्या दिवशी मशीनला काम सांगत नाहीत. ह्यांच्या लेथची पूजा घरच्या गणपतीइतकी साग्रसंगीत असायची. यंदा मालकाच्या मुलांनी शेडची जागा विकली, मशिनं भंगारात गेली आणि हे घरी बसले.

खंडेनवमीच्या सकाळी हे नेहमीसारखे आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तयार. पण पूजा कशाची करणार? मिक्सरला गंध लावून झालं. शिलाई मशीनला हार घालून झाला. स्कूटर धुतली, तिच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तरी माणसाचं समाधान होईना. ताट हातात घेऊन घरभर हिंडत होते. मला स्वयंपाकघरातून ते दिसत होतं. शेवटी अनुयाच्या खोलीत गेले.

अनुया आमची एकुलती एक. गेममधली दृश्यं आणि माणसं संगणकावर बनवायला शिकते, शेवटचं वर्ष आहे. त्यासाठी साधा लॅपटॉप चालत नाही, गेमिंगचा लागतो. खूप व्हिडिओ बघून, खूप डोकं खाऊन तिनं एक निवडला होता, आणि घरात सगळ्यात नवं, सगळ्यात ताकदीचं मशीन आता तेच होतं. ह्यांनी तो बाहेर आणून पाटावर ठेवला. झाकणावर स्वस्तिक काढलं. लेथच्या मोटरला लावतात तसं मागच्या झरोक्यांना कोरडं कुंकू लावलं, लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळीलाही लावलं. अक्षता टाकल्या. मग हात जोडून इतका वेळ उभे राहिले की मी पोळी तव्यावर करपवली.

त्यानंतर काही दिवसांनी लॅपटॉप बंद पडायला लागला. साधं काही करत असेल तर चालायचा, पण जड काम लावलं की पंखा किंचाळायचा, किबोर्ड चटके द्यायचा आणि मग एकदम काळोख. हिंजवडीच्या एका स्टुडिओनं अनुयाला तिच्या कामाचा नमुना मागितला होता. तीन-चार मिनिटांची फिल्म, दिवाळीच्या आत. ती आवडली तर तिथंच पुढं नोकरी. आणि फिल्म लॅपटॉपमध्ये अर्धवट शिजत पडलेली.

सर्व्हिस सेंटरमधून घरी आल्यावर अनुयानं काय झालं ते ऐकलं. मग बापाला म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पूजायला दुसरं काही मिळालं नाही का?"

हे म्हणाले, "चुकलं गं."

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. जेवायची वेळ झाली की ताट घेऊन खोलीत जायची. आणि ह्यांचं एक वेगळंच सुरू झालं. मिक्सर लावायचा असला की मला हाक मारायचे, "तू लाव." गिझरचं बटण, "तू दाब." टीव्हीचा रिमोट सुद्धा हातात घेईनात. ज्या माणसानं लेथवर केसाच्या जाडीइतकंही माप चुकू दिलं नाही, तो माणूस घरातल्या बटणांना घाबरायला लागला! मला दुसरं काही सहन होईल, हे होणार नव्हतं.

मी चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत आहे, क्वालिटीला. माझं कामच तापवण्याचं. दिवा भट्टीत तासन् तास ठेवायचा आणि बघायचं, वितळतो का, वाकतो का, काच तडकते का. मग बंद पेटीत घालून त्याच्यावर बारीक धूळ उडवायची. दिवा बंद पडला तर आम्ही गिऱ्हाइकाला विचारत नाही की बाबा तू धुळीच्या रस्त्यानं कशाला गेलास. आम्ही आमच्या इंजिनिअरची सालं काढतो. आणि इथं चिमूटभर कुंकवानं लॅपटॉप मेला म्हणे, आणि दोष पूजा करणाऱ्याचा. ज्या गावात खंडेनवमीला इस्त्रीला सुद्धा कुंकू लागतं, त्याच गावात दसऱ्याची ऑफर लावून हे लोक लॅपटॉप विकतात. विकताना कुंकू चालतं, बिघडल्यावर चालत नाही?

कुंकवानं पंखा थोडा जड झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण जड पंखा आणि मेलेलं मशीन यात फार अंतर आहे, आणि ते अंतर मोजता येतं. त्याला एकच उपाय. हाच लॅपटॉप, पण कुंकू न लागलेला, शेजारी ठेवून तापवायचा.

तो सापडायला वेळ लागला नाही. अनुयाच्या वर्गातल्या इफ्फतनं तिच्याबरोबरच, त्याच दुकानातून, अगदी तोच लॅपटॉप घेतला होता. मी फोन केला तर ती म्हणाली, "काकू, माझा पण तापतो की. बंद पण पडतो कधी कधी. मी खाली दोन पुस्तकं ठेवून चालवते. मला वाटलं गेमिंगचे लॅपटॉप असेच असतात."

"पूजा वगैरे काही?"

ती हसली. "आमच्या घरात कोण करणार, काकू?"

इफ्फतचे वडील इकबालभाई, त्यांचं भोसरीत गाड्यांचं गॅरेज आहे आणि वर राहायची जागा. रविवारी सकाळी आम्ही तिकडं गेलो. मी माझ्या भाच्याला, अवधूतलाही बोलावून घेतलं. तो वाकडला राहतो, आयटीत आहे, आणि त्याच्याकडं दुसऱ्या कंपनीचा, अंगानं सगळा धातूचा गेमिंग लॅपटॉप आहे. तो त्याला रोज कामाला लागतो म्हणून अनुयाला देता येत नव्हता, पण त्याचं कौतुक ऐकून आमचे कान किटले होते. म्हटलं, आणच एकदा, बघू तुझा हिरा.

ह्यांना मी जबरदस्तीनं नेलं. जिन्यातच इकबालभाई भेटले. "या गुरुभाऊ! वहिनी, तुम्ही पण? काय, लॅपटॉपचं लग्न हाय म्हनं आज."

ह्यांनी ओशाळं हसून सांगितलं, "माझ्यामुळं झालंय सगळं, इकबालभाई. कुंकू लावलं मी."

"मग? आमच्या कॉम्प्रेसरला पोरं दर सालाला हार घालतात, नारळ फोडतात, पानी गळतं त्याच्यावर. मी कधी नको म्हनलो न्हाई. बापाच्या टायमाचा कॉम्प्रेसर हाय तो, अजून दनादना चालतोय. कुंकवानं मशीन मरत असतं तर निम्मी भोसरी बंद पडली असती, राव."

इकबालभाईंनी इंजिनचं तापमान बघायची बंदूक मला दिली. बंदूक म्हणजे लाल ठिपका पाडून लांबूनच अंगाची उष्णता सांगणारं यंत्र. आतल्या भागाचं तापमान लॅपटॉपवरच दिसत होतं. वरच्या खोलीत एका लांब टेबलावर तिन्ही लॅपटॉप मांडले. एसी नाही, खाली पुस्तकं नाहीत, खिडकी उघडी, डोक्यावरचा पंखा बंद. अवधूत कुरकुरला, "मावशी, असं कोणी वापरतं का? खाली कूलिंग स्टँड लावायचा असतो."

"दुकानात सांगितलं होतं का, स्टँड लावल्याशिवाय चालत नाही म्हणून?"

"नाही, पण—"

"मग गप बस."

आधी मी तिघांची अंगं तपासली, कारण तापण्याचं मूळ बऱ्याचदा बांधणीत असतं. अवधूतच्या लॅपटॉपच्या किबोर्डवर अंगठा दाबला तर तो हलला नाही. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं, बिजागरी घट्ट, झाकण सरळ. मग अनुयाचा आणि इफ्फतचा. दोन्हीचा किबोर्ड मधोमध दाबला की पापडासारखा खाली जायचा. एका कोपऱ्यानं उचलला की अंग पिळायचं. पाठीवर भडक रंगाचे दिवे, बाजूनं धारदार रेघा, बघून वाटावं विमानच आहे. आत मात्र सगळं पातळ प्लास्टिक. आमच्या कंपनीत असा दिवा आला असता तर मी तो भट्टीपर्यंत पण नेला नसता.

मग तिन्हींवर एकच काम लावलं. अनुयानं बनवलेलं एक जंगल होतं, पाऊस, धुकं, हजारो पानं. ते हलतं करायचं, म्हणजे लॅपटॉपचा जीव घशाशी येतो. अनुया बटणं दाबत होती पण बापाच्या दिशेनं बघत नव्हती. हे दाराशी स्टुलावर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून.

पहिल्यांदा अनुयाचाच किंचाळायला लागला. मग इफ्फतचा. आकडे चढत गेले, नव्वद ओलांडलं, किबोर्डवर मी बंदूक धरली तर चहाच्या कपाइतका गरम. अवधूतचाही तापला, पण ऐंशीच्या आसपास जाऊन थांबला आणि तिथंच राहिला. त्याच्या मागच्या बाजूनं गरम वारा जोरात बाहेर येत होता. ह्या दोघांच्या मागं हात धरला तर नुसती फुंकर. उष्णता आतच कोंडून बसली होती.

अनुयाचा बंद पडला. पडदा काळा. ह्यांनी डोळे मिटले.

"थांबा," मी म्हणाले. "अजून संपलं नाही."

 खाली गॅरेजमध्ये कोणीतरी हातोडा मारत होतं तेवढाच आवाज. आणि अनुयाच्या पाठोपाठ, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात, इफ्फतचाही काळा झाला. त्याच तापमानाला, त्याच जंगलात. ज्याला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं तो लॅपटॉप!

मी टेबलावर थाप मारली. "बघितलं? बघितलं ना सगळ्यांनी?"

इफ्फत आपल्याच लॅपटॉपकडं बघत म्हणाली, "म्हणजे माझा पण खराब आहे तर." आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "काका, तुमचं काही नाही यात. हा असाच होता."

ह्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखं दिसेना. मी म्हटलं, चाचणी अर्धी का सोडायची. घरून कागदाच्या पुडीत कुंकू आणलंच होतं. पुडी उघडली तसा अवधूत टुणकन उडाला. "मावशी, नाही हां! माझ्याला नाही!"

"का रे? तुझा हिरा आहे ना?"

"अगं पण मुद्दाम कशाला?"

"मुद्दामच करतात चाचणी. आम्ही दिव्यावर पोतंभर धूळ उडवतो. इथं चिमूट आहे."

अवधूतनं आधी माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं बघितलं. पोरगा बढाईखोर आहे, पण मनानं वाईट नाही. "टाक," म्हणाला, "पण थोडं."

मी पुडी ह्यांच्यापुढं धरली. "तुम्ही लावा. त्या दिवशी लावलं तसंच."

"नगं. मी न्हाई हात लावनार." त्यांनी हात आणखी आत दाबले.  मी एकटीनंच अवधूतचा चालू लॅपटॉप उचलला आणि खालच्या जाळीला, मागच्या झरोक्यांना बोट लावलं. पंख्यानं थोडं आत ओढलं, थोडं मागून उडवून दिलं, टेबलावर गुलाबी धूळ पडली. ते जंगल हलत राहिलं. आम्ही सगळ्यांनी जेवण केलं, इफ्फतच्या आईच्या, नूरबींच्या हातची खिचडी खाल्ली, आणि ते जंगल हलतच होतं. आकडा दोन-तीननं चढला आणि तिथंच बसला. अवधूतची छाती फुगली ती पुढचा आठवडाभर उतरली नाही.

मी जिंकल्यासारखी मागं वळून अनुयाकडं बघितलं. वाटलं, आता तरी बापाशी बोलेल. ती खिडकीशी तोंड फिरवून उभी होती. मला तिचा फार राग आला. एवढं डोळ्यांदेखत झालं तरी पोरगी मऊ होईना, असं कसलं हे मन, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दोन्ही लॅपटॉप घेऊन आम्ही चौघं, मी, हे, अनुया आणि इफ्फत, चिंचवडला त्या सर्व्हिस सेंटरमध्ये पुन्हा गेलो. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, तुझा साहेब बोलव. रविराज नावाचा मॅनेजर बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, प्रत्येक वाक्यात मॅडम. मी सगळं सांगितलं, मोबाईलवर घेतलेले फोटो दाखवले, तिन्ही लॅपटॉप, तिन्हींचे आकडे. त्यानं शांतपणे ऐकलं.

"यांचा लॅपटॉप आम्ही घेऊ मॅडम," इफ्फतकडं बोट करून तो म्हणाला. "वॉरंटीत आहे, बदलून मिळेल. तुमच्यामध्ये मात्र बाहेरचा पदार्थ आहे."

"अहो, दोन्ही एकाच तापमानाला मरतात. एकात कुंकू आहे, एकात नाही. मग कुंकवाचा संबंध कुठं आला?"

"घरी केलेली टेस्ट आम्हाला धरता येत नाही, मॅडम."

"मग तुम्ही करा! इथं, माझ्यासमोर."

त्याला ते नको होतं. मागं रांगेत उभी असलेली माणसं कान टवकारून ऐकत होती, त्यातल्या एकाच्या काखेत त्याच भडक दिव्यांचा लॅपटॉप मला दिसला. तो रविराजलाही दिसला असावा. त्यानं आम्हाला बाजूच्या टेबलाशी नेलं, आवाज खाली केला आणि एक कागद पुढं सरकवला. "मॅडम, मी तुमच्यासाठी वर बोललोय. तुमची केस खास म्हणून धरू. पंखा, बोर्ड, सगळं फुकट बदलून देतो, दोन दिवसांत. फक्त काकांची इथं एक सही."

कागद इंग्रजीत होता. मी वाचला. त्यात लिहिलं होतं की आम्ही पूजेच्या नावाखाली यंत्रात पावडर टाकली, बिघाड त्यामुळेच झाला, कंपनीच्या मालात दोष नव्हता आणि याबद्दल आम्ही पुढं कुठंही तक्रार करणार नाही. खाली नाव छापलेलं होतं, गुरुदत्त. फुकट कशाला देतायत ते मला तिथं कळलं. त्यांना असल्या सह्या गोळा करायच्या होत्या.

"सही कुठं करायची?" हे म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

"अहो, काय लिहिलंय ते तरी ऐका!"

"काय का लिहिलेलं असंना. दोन दिवसांत देत्यात. पोरीची फिलिम हुईल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आन कुंकू मीच लावलं न्हवं? त्यात खोटं काय हाय?"

"सगळंच खोटं आहे! तुम्ही मशीन मारलं असं लिहिलंय त्यात. तुम्ही!"

"असंल. लिहू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तरी, खरं सांगते, एक क्षण मीही गप्प झाले. कारण दोन दिवस म्हणजे फिल्म, फिल्म म्हणजे नोकरी, आणि दिवाळी समोर आलेली. एका सहीनं लेकीचं भलं होतंय आणि नवरा ती द्यायला तयार आहे, तर मी कोण अडवणारी? मी अनुयाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पप्पा, पेन खाली ठेवा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांना हाक मारली होती.

"तू ऱ्हा गं मधी न पडता."

"ठेवा म्हणते ना!" तिनं त्यांच्या हातातून पेनच काढून घेतलं. मग रविराजकडं वळली. "पूजेच्या वेळी लॅपटॉप चालू होता. झाकण मिटलेलं होतं, पण आत डाउनलोड सुरू होतं. म्हणून पंख्यानं कुंकू ओढलं. पप्पांनी मला विचारलं होतं, बंद आहे का गं. मी मोबाईलमध्ये होते, मान वर न करता हो म्हणाले. त्यांनी परत विचारलं. मी परत हो म्हणाले."

 इफ्फतनं अनुयाच्या पाठीवर हात ठेवला.

रविराजनं ते लगेच पकडलं. "म्हणजे मॅडम, आता तर स्पष्टच झालं. चूक तुमचीच—"

"माझी चूक माझ्या घरात," अनुया म्हणाली.  "ती मी माझ्या वडिलांना सांगेन. तुमची चूक ह्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि त्याला कोणी पूजलेलं नाही. ह्या कागदावर माझ्या वडिलांचं नाव येणार नाही. फिल्म गेली तरी चालेल." तिनं आमचा लॅपटॉप उचलून इफ्फतच्या शेजारी ठेवला. "दोन्ही बरोबर घ्या. पावतीवर एवढंच लिहा, तापून बंद पडतो. दोन्हीच्या पावतीवर तेच."

"तसं नाही लिहिता येत."

"मग माझी पण पावती राहू दे," इफ्फत म्हणाली. "दोन्ही लिहाल तेव्हाच द्या."

मागच्या रांगेतला तो काखेतल्या लॅपटॉपवाला पुढं आला. म्हणाला, "साहेब, तापून बंद तर माझाही पडतो. लॅपटॉप उशीवर ठेवून वापरला, असं लिहून तुम्ही माझ्याकडं सही मागितली होती." रविराजच्या कपाळावर घाम दिसला. वरती फोन करून येतो म्हणत तो आत गेला. काउंटरवरच्या त्या हसऱ्या पोरानं मान वर केली नाही.

आम्ही भिंतीशी लावलेल्या बाकावर बसलो. मी रागानं पेटले होते, पण कोणावर ते मलाच कळत नव्हतं. इतके दिवस मी सगळ्या जगाशी भांडत होते, आणि हे दोघं माझ्याच घरात ही गोष्ट पोटात घेऊन बसले होते. लेक लाजेनं बोलत नव्हती हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि बाप?

"तुम्हाला माहीत होतं," मी ह्यांना म्हणाले. "तिनं हो म्हटलं होतं, दोनदा. तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"विचारल्याबिगर मी मशीनला हात लावीन व्हय?" हे म्हणाले. "उभ्या जन्मात लावला न्हाई."

"मग बोलला का नाहीत? त्या पोरानं चारचौघांत हसून घेतलं तुम्हाला. ही तुमच्याशी बोलेना. मीच मेली गावभर पुरावे गोळा करत हिंडले. एका शब्दानं सांगायचं होतंत, मी विचारलं होतं म्हणून!"

त्यांनी अनुयाकडं बघितलं. ती ओठ आवळून रडत होती. मग ते मला समजावत असल्यासारखं म्हणाले, "अगं, तिचं काम बुडालेलं. आधीच जीव टांगनीला लागलेला. त्यात तुज्यामुळंच झालं, आसं म्या तिला सांगायचं व्हय?"

अनुयानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मला भांडायला दुसरं कोणी हवंच होतं, तेवढ्यात रविराज आतून बाहेर आला.

"मॅडम, वरून उत्तर यायला वेळ लागेल. तुम्ही घरी जा, आम्ही कळवू."

"लागू दे वेळ," मी म्हणाले. "पावती घेतल्याशिवाय आम्ही कोणी उठणार नाही."